उताऱ्यावर नाव, बांधावर कोणी नाही

सर्वपित्री अमावास्येच्या भरतीला गोव्यातल्या आमच्या गावच्या खाजनाचा, म्हणजे बांध घालून नदीपासून तोडून घेतलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला. पहाटे दूधवाल्याने पाहिले आणि आठ वाजेपर्यंत निम्मे गाव तिथे जमले. भात निसवून दाणा भरत आला होता, आणि त्यात जुवारी नदीचे खारे पाणी गुडघाभर उभे. लोकांनी फोटो काढले, व्हिडिओ काढले, पंचाला फोन लावला, आमदाराच्या माणसाला लावला. खोरे घेऊन कोणी आले नव्हते. मीही नव्हतो आलो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या सकाळी मी चारचौघांना एकच गोष्ट विचारत फिरलो: हा बांध कोणाचा? एक म्हणाला कोमुनिदादीचा, म्हणजे गावकारांच्या जुन्या मंडळाचा. दुसरा म्हणाला, ते सगळे गेले, आता कुळांच्या संघाचा. तिसऱ्याच्या मते सरकारचा, कारण मागच्या वेळी सरकारी जेसीबी आला होता. चौथ्याने मानशीचा, म्हणजे बांधातल्या दरवाजाचा, ठेका घेणाऱ्याकडे बोट दाखवले. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बाई तेवढी माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे बघून म्हणाली, "बांध शेताचा. दुसऱ्या कोणाचा असतो?"

त्या खाजनातल्या प्रत्येक तुकड्याचा उतारा कोणा ना कोणाकडे आहे. महाराष्ट्रात सातबारा म्हणतात तसा आमच्याकडे 'एक-चौदा'. त्यावर मालकाचे नाव, कुळाचे नाव, क्षेत्र, पीक, सगळे काही असते. बांध कोणी राखायचा, याला त्या कागदावर रकाना नाही.

गोव्यात जमिनीचे भांडण म्हटले की पहिला प्रश्न मालकीचा. भाटकार (जमीनदार) की कूळ, गावकार (गावच्या मूळ घराण्यांतला) की मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा), सरकार की गाव, आणि अलीकडे गोंयकार की भायला (बाहेरचा). पाचशे वर्षे आपण याच प्रश्नाची उत्तरे देत आलो. त्यातली काही उत्तरे न्यायाची होती, ती तशीच राहावीत. माझी तक्रार वेगळी आहे. जमीन कोणाची हे ठरवताना तिची निगा कोणी करायची हे आपण दर वेळी कागदाबाहेर ठेवले. ज्या जमिनीची निगा कोणाच्याच अंगावर नाही, ती शेवटी विकण्यापुरती उरते. आज गोव्यात शेतजमीन विकली जाते याचा राग सगळ्यांना आहे. ती विकण्याजोगी कशी झाली हे मात्र कोणी विचारत नाही.

खाजन म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकाला सांगायला हवे. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा या नद्यांत भरतीचे पाणी कितीतरी मैल आत शिरते. त्या पाण्याखालची सपाट चिखलट जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून नदीपासून तोडून घेतली. असे खाजन गोव्यात साधारण अठरा हजार हेक्टर मोजले जाते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्याचा तो जवळजवळ विसावा हिस्सा होतो. शेत भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. ते कोरडे राहते ते बांधामुळे आणि मानशीमुळे. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. त्याच्या लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या आपसूक मिटतात, आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून नदीत निघून जाते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. आत पाणी साठायला पोंय असते, तिच्यात मासळी वाढते. बांध चिखलाचा, त्यात पेंढा आणि झाडांच्या फांद्या दाबलेल्या, लाटा बसतात त्या बाजूला चिरे. पहिल्या पावसाने मातीतला खार धुऊन निघाला की कोरगूट पेरायचा. थोडाफार खार सोसणारे हे तांबडे भात इथल्या चिखलातच घडले. कुठे कुठे भाताच्या जोडीला मिठागरे.

या साऱ्या मांडणीत एकट्याने करता येणार नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बांध. मी माझ्या हद्दीतला तुकडा कितीही चोख ठेवला, तरी शेजाऱ्याच्या हद्दीत खेकड्याने भोक पाडले की आम्ही दोघेही बुडतो. एकदा खारे पाणी आत बसले की दोनतीन वर्षे शेत पिकाला उठत नाही. पडीक राहिले की तिवरे उगवतात, आणि तिवर उगवले की ते तोडायला कायद्याची बंदी. तिवरांचे रक्षण व्हायलाच हवे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण निष्काळजीपणाने शेत बुडवायचे आणि मग तिथे निसर्ग परतला म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

१५२६ साली अफोंसो मेक्सिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. 'फोराल' म्हणून हा दस्त ओळखला जातो. पोर्तुगीजांना येऊन पुरती सोळा वर्षेही झाली नव्हती, म्हणजे त्यात लिहिलेली गावकारी त्यांच्या आधीची, कितीतरी आधीची. तिचा व्यवहार असा की जमीन गावाची, गावकारांच्या मंडळाची. शेते ठराविक मुदतीने पावणीला निघत, जो चढी बोली लावी तो ती कसे. आलेल्या पैशातून आधी राजाचा महसूल द्यायचा. मग देऊळ, बांध, मानशी, तळी, गावचे सेवेकरी यांचा खर्च. हे सगळे भागून काही उरले तर ते गावकारांत वाटायचे. या वाटणीला जण म्हणतात. नफ्याचा नंबर शेवटचा होता. आजच्या कुठल्याही सोसायटीच्या, ट्रस्टच्या किंवा पंचायतीच्या हिशेबात हा क्रम शोधून दाखवावा.

गावकारीचे गोडवे गाणारे लेख मी बरेच वाचले आहेत, आणि ते वाचताना मला नेहमी बांधावर चिखल उपसणारे हात आठवतात. गावकार होण्यासाठी त्या घराण्यात, पुरुषाच्या वंशात जन्म घ्यावा लागे. बायकांना तिथे जागा नव्हती. अनेक गावांत ज्या गावड्या-कुणब्यांनी बांध प्रत्यक्ष घातला आणि राखला, त्यांचे नाव गावकारांच्या यादीत नव्हते. मुंडकार तर भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या मर्जीने झोपडी बांधून राहणारा. मर्जी गेली की छप्पर गेले. तेव्हा जुने ते सोने म्हणायला मी तयार नाही. तरीही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला सोडवत नाही. तिथे हक्क आणि काम एकाच वहीत लिहिलेले होते. वही अन्यायाची होती, पण ती एकच वही होती.

पोर्तुगीजांनी ती फाडली असे म्हणणे सोपे, पण तसे झाले नाही. त्यांनी ती आपल्या कामाला लावली. तिसवाडीतली देवळे पाडल्यावर १५४१ साली देवळांच्या नमशीच्या, म्हणजे देवसेवेसाठी लावून दिलेल्या, जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. गाव, गावकार आणि पावणी तशीच राहिली, पैशाची वाट फक्त बदलली. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत कुंकळ्ळीच्या गावकारांनी १५८३ साली पाच जेझुइट मिशनऱ्यांना मारले. बोलणी करायला म्हणून पोर्तुगीजांनी गावकारांच्या पुढाऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. या घटनेकडे आपण धर्माच्या अंगाने बघतो, आणि ते खरेही आहे. पण तिच्या पाठोपाठ त्या भागातल्या गावांच्या जमिनी गावकारांच्या हातून गेल्या हे तितक्या जोराने सांगितले जात नाही. देवळाबरोबर जमीन जाते हे त्या काळच्या माणसाला शिकवावे लागले नसेल.

पुढे हळूहळू गावकारीची कोमुनिदाद झाली. तिला संहिता आल्या, १९०४ ची, १९३३ ची आणि शेवटची १५ एप्रिल १९६१ ची. ही शेवटची संहिता मुक्तीच्या आठ महिने आधी निघाली आणि आजही लागू आहे. एकोणीस डिसेंबरला दर वर्षी झेंडा फडकवणाऱ्या राज्यात दोनशेहून अधिक कोमुनिदादींच्या जमिनी सालाझारच्या राजवटीत पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या कायद्याने चालतात. याची लाज वाटण्यापेक्षा मला गंमत वाटते. मुक्तीनंतरच्या कोणत्याही सरकारला ती संहिता मोडण्याइतकी नावडती नव्हती आणि चालवण्याइतकी आवडतीही नव्हती. दुरुस्त्या तेवढ्या करत राहिले.

आता कूळ कायद्याकडे येतो. इथे मी तटस्थ राहू शकत नाही, कारण माझे आजोबा कूळ होते.

त्यांच्या ताब्यात खाजनातले दोन तुकडे होते, एक कोमुनिदादीचा आणि एक भाटकाराचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान आणि काकड्या-दोडकी घेऊन ते भाटकाराच्या घरी जात, अंगणात उभे राहत आणि आतून हाक आली तरच सोप्यावर चढत. माझ्या वडिलांनी हे लहानपणी पाहिलेले. ते सांगताना अजूनही त्यांचा आवाज बदलतो. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला तो कशाच्या जोरावर, यावर पंडितांनी बरेच लिहिले आहे. आमच्या घरात त्याचे उत्तर एका वाक्याचे होते: भाऊसाहेब कसणाऱ्याला जमीन देणार. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, या १९६७ च्या जनमत कौलातही भाषेच्या आणि विलीनीकरणाच्या वादाखाली जमिनीचा वाद वाहत होता असे मला वाटते. विलीनीकरणाला मत देणारी कितीतरी कुळे महाराष्ट्राच्या प्रेमापोटी गेली, त्याहून अधिक भाटकाराच्या भीतीपोटी. मराठीच्या व्यासपीठावर हे बोललेले काही जणांना रुचणार नाही. रुचू नये.

१९६४ साली गोवा, दमण आणि दीवचा कृषी कूळ कायदा झाला. १९७५ साली मुंडकाराला घरातून हुसकावण्याला बंदी घालणारा कायदा आला. आणि कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस ठरवला, ज्या दिवशी शेत कसणारे कूळ त्याचे मालक मानले जाणार होते. भाऊसाहेब बांदोडकर तोवर हयात नव्हते. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. भाटकार न्यायालयात गेले, प्रकरणे वर्षानुवर्षे चालली. मामलेदाराच्या कचेरीत अजूनही कुळांच्या आणि मुंडकारांच्या फायली तुंबलेल्या आहेत. २०१४ साली सरकारने ही प्रकरणे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेली, ओरड झाली तेव्हा पुन्हा माघारी आणली. कुळाचा जन्म हेलपाट्यांत गेला. तरीसुद्धा आजोबांच्या नावाचे खरेदीचे प्रमाणपत्र आले त्या दिवशी घरात सत्यनारायण झाला होता, आणि माझ्या मते तो देवापेक्षा कायद्याला होता.

इतके सांगून झाल्यावर पुढचे बोलतो, म्हणजे मला भाटकारांचा वकील कोणी म्हणू नये.

शेत कुळाचे झाले. बांधाचे काय? पूर्वी कोमुनिदाद शेतांच्या भाड्यातून बांध राखत असे. शेतेच गेल्यावर भाडे गेले, भाडे गेल्यावर बांधाचा पैसा गेला. हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले. त्यानुसार एका खाजनातल्या सगळ्या कुळांचा संघ, त्याची निवडलेली समिती, मानशीची पावणी करण्याचा अधिकार, आणि त्या पैशातून बांध, मानस, चर यांची दुरुस्ती. कागदावर सुबक. गावकारीतला क्रमच जणू वारसांच्या जागी कुळे बसवून पुन्हा मांडला होता. फक्त एक फरक होता. गावकारीत जण हवी तर बांध राखणे भाग होते. नव्या मांडणीत पुढच्याच वर्षी शेताची मालकी आपसूक हातात आली. संघाच्या बैठकीला गेले काय, न गेले काय, उताऱ्यावरचे नाव हलत नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. अनेक गावांत संघ निवडणुकीपुरते जिवंत, काही ठिकाणी तेवढेही नाहीत. उत्पन्न देणारी गोष्ट राहिली मानस, कारण ओहोटीच्या धारेला जाळे लावले की सुंगटे, चणक, खेकडी मिळतात आणि गोव्यात त्यांना सोन्याचा भाव. मानशीच्या पावणीला बोली चढते. ठेकेदाराला मासळी हवी, शेतकऱ्याला गोडे पाणी. मासळीसाठी फळ्या उघड्या ठेवून खारे पाणी आत घेणे फायद्याचे. भातासाठी ते विष. शेतकऱ्यांच्या संघाने भात बुडवणाऱ्यालाच मानस ठेक्याने द्यायची आणि त्याच पैशातून बांध दुरुस्त करायचा म्हणायचे, म्हणजे शेत खाणाऱ्या कुंपणालाच शेताची राखण दिल्यासारखे. आणि हे दर वर्षी रीतसर, सह्याशिक्क्यांनिशी चालते.

दुसरी फट वारसांची. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, मुलगा-मुलगी समान वारस, आणि दोघांच्या सहीशिवाय स्थावर विकता येत नाही. स्त्रीच्या दृष्टीने हा कायदा देशातल्या इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी पुढचा, त्याचा मला अभिमान आहे. पण इन्व्हेंतार (वारसांच्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) करून वाटण्या करायला लोक पन्नास वर्षे लावतात. आजोबांच्या दोन तुकड्यांवर आज आमची अकरा नावे लागू शकतात: पणजीत, वास्कोत, पुण्यात, एक इंग्लंडात. अकरा वारसांत बांधावर जाणारा एकही नाही. चुलतभावाला मी एकदा म्हणालो, शेत शेजारच्या बाईला कसायला देऊया, ती सगळे वायंगण (हिवाळी भात) करते. तो म्हणाला, "आणि ती उद्या कूळ म्हणून उभी राहिली तर?" या भीतीने गोव्यात किती शेत पडीक आहे याची गणती कोणी करायला हवी. कुळांच्या नातवंडांना कुळांची भीती वाटते, यापेक्षा कडू विनोद मला माहीत नाही.

याच ताळेबंदाची दुसरी बाजू सत्तरी तालुक्यात दिसते. तिथे काम करणारे हात आहेत, नाव नाही. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या, त्या डोंगराळ महालांत मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनी, आल्वारा (पोर्तुगीज सरकारने दिलेल्या जमिनींच्या सनदा), सरकारी नोंदी यांचा असा गुंता आहे की पिढ्यान् पिढ्या काजूचे भाट (बाग) राखणाऱ्या माणसाच्या हातात उतारा नसतो, आणि असलाच तर त्यावर सरकारचे नाव असते. मेळावलीत आयआयटीसाठी जागा ठरली तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी झटापट झाली आणि त्याच महिन्यात सरकारला प्रकल्प मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनाला शहरातल्या अनेकांनी विकासविरोधी म्हटले. मला तिथे वेगळे दिसले. कागदावर सरकारी असलेल्या त्या रानात वणवा लागला तर विझवायला कोण धावते, झऱ्याची वाट कोण साफ करते, हे त्या बायकांना ठाऊक होते आणि मोजणीला आलेल्या माणसांना ठाऊक नव्हते. खाजनात नाव आहे पण हात नाही. मेळावलीत हात आहे, नाव नाही. दोन्हीकडे कायदा नाव तेवढे बघतो.

खाणींचे मी लांबवत नाही. पोर्तुगीजांनी दिलेल्या सवलतींचे १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये रूपांतर झाले, ती लीज २००७ सालीच संपली होती असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०१८ मध्ये ८८ लीजची दुसरी नूतनीकरणे रद्द केली. खनिज कोणाचे यावर डोंगराएवढे निकालपत्र झाले. डिचोली-सांग्यातल्या शेतांत उतरलेला खाणीचा गाळ मात्र अजून कोणाचाच नाही.

आता जमिनीच्या रंगांचा प्रश्न. गोव्यात अलीकडे शेत विकायचे असले तर आधी त्याचा नकाशावरचा रंग, म्हणजे शेतीचा की वसाहतीचा हा शिक्का, बदलतात. २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून रद्द करायला लावला, २००७ च्या शेवटी विशेष आर्थिक क्षेत्रे गेली. तो गोव्याच्या लोकांचा मोठा विजय होता. पण आराखडा अख्खा बदलता येत नाही हे कळल्यावर तो तुकड्या-तुकड्याने बदलायची वाट निघाली. नगर नियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) घातले: आराखड्यात नजरचुकीने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. अर्ज मालकाने करायचा. चुका निघाल्या त्या बहुतेक भाताच्या शेतांत, बागायतीत आणि डोंगरउतारांवर, आणि त्यांची दुरुस्ती झाली ती वसाहतीच्या दिशेने. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आखडून दिला. पण तोवर कलम ३९अ आलेच होते: तीस दिवस सूचना मागवायच्या, रंग बदलायचा.

या सगळ्याचा राग आपण 'दिल्लीवाल्या'वर काढतो. माझाही जीव जळतो, नाही असे नाही. गावाच्या टेकडीवर भिंत उभी राहते, आत निळा तरणतलाव, आणि खालच्या विहिरी मार्चमध्ये आटतात. पण दिल्लीवाल्याला शेत कोणी विकले? विकणाऱ्याची सही त्याने स्वतः केलेली नाही. २०२३ साली भातशेती शेतकऱ्याखेरीज दुसऱ्याला विकायला बंदी करणारा कायदा झाला. १९९१ पासून तर कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज वापरू नये असा कायदाच आहे. बंदीचे कायदे कमी नाहीत. ज्याला शेतातून काही मिळत नाही आणि शेतासाठी काही करावे लागत नाही, त्याला विकण्यापासून कागद किती दिवस रोखणार? मग बनावट कागद निघतात. २०२२ साली बंद घरांच्या, परदेशी गेलेल्या वारसांच्या जमिनी खोट्या जुन्या दस्तांनी हडप केल्याचे उघड झाले, विशेष तपास पथक नेमावे लागले. ज्या घराच्या अंगणात पंधरा वर्षे कोणी केर काढला नाही, तेच घर चोराने हेरले.

कोमुनिदादीच्या जमिनीवरच्या घरांचा प्रश्नही इथेच येऊन बसतो. २०२५ साली विधानसभेने संहितेत दुरुस्ती करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची अशी घरे नियमित करायची वाट उघडली. कोमुनिदादीचे गावकार खवळले, घरांतले लोक सुखावले, आणि दोघांचेही म्हणणे मला समजते. तीस वर्षे राहणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर काढू नये. पण त्याला ती जागा सरळ मालकीने देणे म्हणजे १९७६ ची चूक पुन्हा करणे. कोमुनिदादीच्या संहितेत आफ्रामेंत नावाची जुनी सोय आहे: जमीन दीर्घ मुदतीने वापरायला, वार्षिक फोर (भाडे) भरून. ज्याचे घर आहे त्याला राहण्याचा पक्का हक्क या वाटेने द्यावा, मुलांना द्यावा, विकण्याचा मात्र देऊ नये. आणि त्याचा फोर गावच्या तळ्याच्या, बांधाच्या नावे वेगळ्या खात्यात जावा. यावर गावकार म्हणतील, आमची जमीन. जरूर तुमची. मग बायकांना, मुलींना गावकारांच्या वहीत घ्या, आणि गेल्या दहा वर्षांत बांधावर किती खर्च केलात तो हिशेब ग्रामसभेत वाचा. तो ऐकल्यावर बोलू.

खाजनाबाबतही मला मोठे काही नको. मानशीच्या पावणीचा पैसा बांधाच्या दुरुस्तीखेरीज दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर लागेल, एवढे सक्तीचे करा. फळ्या कधी उघडायच्या हे ठेकेदाराने न ठरवता भात कसणाऱ्यांनी ठरवावे, हे ठेक्याच्या अटीतच लिहा. पडीक शेत एका हंगामासाठी दुसऱ्याला कसायला देण्याचा साधा लेखी करार असावा, ज्यातून कुळाचा दावा निघणार नाही आणि कसणाऱ्याचे पीकही कोणी काढून घेणार नाही. आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर एक रकाना वाढवा: या तुकड्याच्या बांधाचे काम शेवटचे कधी झाले आणि कोणी केले. कोऱ्या रकान्याच्या खाजन-शेताचा रंग बदलण्याचा अर्ज खिडकीवरच परत करावा.

"हे अव्यवहारी आहे," असे आमच्या गावातल्या एका वकील मित्राने मला ऐकवले. असेल. पण नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, आणि चिखलाचा बांध घालून त्याला थोपवण्याची कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यालाही कोणीतरी हेच ऐकवले असणार.

आमचा बांध बाराव्या दिवशी सरकारी जेसीबीने मातीच्या गोण्या टाकून बुजवला. भात तोवर पांढरे पडले होते. त्यानंतरच्या रविवारी संघाची बैठक लागली. देवळाच्या सभागृहात आम्ही नऊ जण जमलो, त्यात माझ्या घरातला मी एकटाच. गणसंख्या भरत नव्हती, तेव्हा अर्धा तास थांबून तेवढ्याच माणसांत बैठक सुरू केली. विषय दोन होते. मानशीच्या पुढच्या ठेक्याची पावणी पहिला, ती झाली. बोली गेल्या वर्षीपेक्षा चढी गेली. बांधाचा विषय पुढच्या बैठकीवर टाकला.